गहाण पडलेला जिल्हा

दिवाळीची सुटी लागली की आमच्या आळीतली मुले माझ्या अंगणाचा ताबा घेतात. विटांचे तुकडे, जुनी पोती, शेतातली काळी माती यांचा ढीग पडतो आणि पाहता पाहता किल्ला उभा राहतो. दर वर्षी तो रायगड असे, नाहीतर प्रतापगड. गेल्या वर्षी मात्र सहलीत नळदुर्ग पाहून आलेली पोरे हट्टाला पेटली, की यंदा आपल्या जिल्ह्यातलाच किल्ला करायचा. तट झाला, बोरी नदी झाली, नदीत पाणीमहालही झाला; आणि मग काम अडले. बुरुजावर झेंडा कोणाचा लावायचा? शिपाई कोणाचे मांडायचे? त्यातल्या एकाने मला हाक मारली आणि विचारले, "गुरुजी, हा किल्ला आपला का त्यांचा?"

'त्यांचा' म्हणजे कोणाचा, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आमच्या जिल्ह्यात ते विचारावे लागत नाही. मी आपले मास्तरकीला शोभेल असे उत्तर दिले. बहामनी, मग आदिलशाही, मग मोगल, मग निजाम, असा पाढा म्हटला. पाणीमहाल ज्याच्या काळात झाला त्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने सरस्वती आणि गणपती यांची स्तुतिगीते रचली होती, हेही सांगून टाकले. मुलांना त्यात गोडी वाटली नाही. त्यांना झेंड्याचे हवे होते.

खरे उत्तर मला माहीत होते, पण ते चारचौघांत देण्यासारखे नव्हते. ते असे, की पावणेदोनशे वर्षांमागे हा किल्ला आपलाही नव्हता आणि त्यांचाही नव्हता. तो गहाण पडला होता. आणि किल्लाच काय, सगळा जिल्हाच गहाण पडला होता. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वह्यांना हळदकुंकू वाहतो. आज वाचकांच्या परवानगीने एक जुनी वही उघडतो.

ती उघडते हैदराबादेत. इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेण्याची पाळी निजामावर १७९८ मध्येच आली होती आणि तिच्या खर्चापोटी १८०० मध्ये त्याने मुलूखही तोडून दिला होता. एवढ्यावर भागले असते तर ठीक होते. परंतु पुढे कंपनीच्या रेसिडेंटाने आणखी एक फौज उभी करविली. तिला कंटिंजंट म्हणत. तिची तऱ्हा अशी, की अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. खजिन्यात तर खडखडाट. तेव्हा दर महिन्याला रोकड आणायची कोठून?

ती देण्यासाठी हैदराबादेत एक पेढी तयारच होती: विल्यम पामर आणि कंपनी. हा पामर म्हणजे एका इंग्रज सेनापतीचा अवधच्या मुसलमान खानदानातील स्त्रीपासून झालेला मुलगा. पेढीत त्याचे गोरे भागीदार होते, तसा बंकटीदास नावाचा गुजराथी सावकारही होता. कर्ज घेणारा निजाम मुसलमान, त्याच्या वतीने कारभार हाकणारा चंदुलाल हिंदू आणि देणाऱ्यांत सर्व धर्मांची मंडळी. व्याजाचा दर शेकडा पंचवीसपर्यंत जाई. रयतेकडून ते वसूल करण्यासाठी महाल मक्त्याने दिले जात, आणि मक्तेदार कुणब्याच्या घरात शिरताना त्याची जात किंवा धर्म पाहत नसे. ज्याला आपण आज सर्वधर्मसमभाव म्हणतो तो त्या काळी फक्त या एका पेढीवर पूर्णपणे नांदत होता, असे म्हणायचा मोह मला अनेकदा होतो.

चार्ल्स मेटकाफ हा रेसिडेंट होऊन आला तेव्हा त्याने हे लफडे उघडकीस आणले. गव्हर्नर जनरलच्या घरात वाढलेल्या मुलीचा नवराच पेढीचा भागीदार निघाला, त्यामुळे मोठी बोंब झाली. पेढीचे कर्ज फेडण्यासाठी कंपनीने निजामाला एक कोटी सोळा लाखांच्या वर रक्कम दिली. आणि उत्तर सरकार प्रांताबद्दल ती निजामाला दर वर्षी जी पेशकश देत असे ती त्या बदल्यात कायमची बंद केली. पेढी बुडाली. कंटिंजंट मात्र राहिली, आणि तिचा पगार थकू लागला तो आता थेट कंपनीच्या वहीत मांडला जाऊ लागला.

थकत थकत ती बाकी चाळीस लाखांच्या वर गेली, तेव्हा डलहौसी गव्हर्नर जनरल होता. मे १८५३ मध्ये नासिरुद्दौला निजामाने नाइलाजाने तहावर सही केली. वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्ग असे तीन मुलूख कंटिंजंटच्या खर्चासाठी आणि कर्जाच्या व्याजासाठी इंग्रजांच्या कारभारात गेले. आमचा जिल्हा गहाण पडला तो असा. तुळजापूर, परांडा, धाराशिव ही सारी नावे त्या वहीत जमेच्या बाजूला मांडली गेली.

आणि या गहाणाचा कारभार पाहायला नळदुर्गला कोण आला? फिलिप मेडोज टेलर. लिव्हरपूलचा पोरगा, पंधराव्या-सोळाव्या वर्षी एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी मुंबईस आला, तेथून निजामाच्या फौजेत गेला, इथल्या भाषा शिकला आणि १८३९ मध्ये ठगांवर कादंबरी लिहून विलायतेत गाजला. त्याची आणखी एक ओळख आहे, ती आमच्याकडे फारशी कोणी सांगत नाही. त्याची बायको मेरी ही त्याच विल्यम पामरची मुलगी. सासऱ्याच्या पेढीपासून ज्या कर्जाची चटक लागली, त्या कर्जापायी गहाण पडलेल्या जिल्ह्याचा पहिला साहेब म्हणून जावई आला! कादंबरीत मी असा योग घातला असता तर संपादकांनी तो खोडून काढला असता.

टेलर वाईट माणूस नव्हता. चार वर्षे तो इथे राहिला, जमिनीची मोजणी केली, सारा ठरविला. परक्या सत्तेची चांगली माणसेही असतात, आणि त्यांच्यामुळे ती सत्ता अधिक काळ टिकते. ते असो. मला त्याच्याविषयी बोलायचे आहे ते व्यवसायबंधू म्हणून. नळदुर्ग सोडल्यावर, १८६३ मध्ये, त्याने 'तारा' नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका तुळजापूरच्या व्यास शास्त्र्याची बालविधवा मुलगी. ती भवानीची मुरळी होते, संकटांत सापडते, आणि शेवटी तिला चितेवरून सोडवून आणणारा आणि तिच्याशी लग्न करणारा वीर कोण, तर अफजलखानाचा मुलगा फाजल! ज्या तुळजापुरात अफजलखानाने देवीला उपद्रव दिल्याची कथा मुले आईच्या मांडीवर ऐकतात, तिथल्या शास्त्र्याची मुलगी त्याने त्याच खानाच्या घरात सून म्हणून दिली.

आजच्या वाचकाला हे वाचून राग येईल, किंवा एखाद्याला उलट फार उदार वाटेल. मला दोन्ही वाटले नाही. मला त्यातली योजना दिसली. 'तारा' ही तीन कादंबऱ्यांतली पहिली. पहिलीत १६५७, दुसरीत १७५७, तिसरीत १८५७ असा शंभर-शंभर वर्षांचा हिशेब त्याने धरला आहे: मराठ्यांचा उदय, प्लासी आणि बंड. हिंदू आणि मुसलमान हे या कथेतले दोन पक्ष, आणि त्यांच्या भांडणाचा शेवट पाहायला तिसरा येणार, हे तीन भागांच्या मांडणीतच आहे. पेढीची आणि पगाराची गोष्ट मात्र त्यात कोठे येत नाही. स्वतः गहाणाच्या कचेरीत बसलेल्या लेखकाला आमच्या मुलखाचा इतिहास सुचला तो दोन धर्मांचा म्हणून. पुढे आपणही तो तसाच सांगत आलो.

आता १८५७ कडे येऊ. त्या साली १७ जुलैला हैदराबादेत मौलवी अलाउद्दीन आणि तुर्रेबाजखान यांनी जमाव घेऊन रेसिडेन्सीवर चाल केली. धर्माच्या नावाने हाक दिली गेली होती. निजाम आणि त्याचा दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, जमाव तोफांनी उधळला गेला, मौलवी अंदमानात गेला. मुसलमान मौलवीला मुसलमान राजाच्या साहाय्याने ख्रिस्ती सत्तेने दडपले. तेव्हा इंग्रजांनी निजामाची थोरवी गायिली. बक्षीस मिळाले ते डिसेंबर १८६० च्या तहाने. पन्नास लाखांचे कर्ज माफ, रायचूर दुआब आणि नळदुर्ग परत. वऱ्हाड मात्र ठेवून घेतले. कापसाचे शेत कोण सोडतो? वर भर म्हणून शोरापूरचे संस्थान निजामाला दिले. याच शोरापूरच्या अल्पवयी राजाचा टेलर पूर्वी पालक होता, आणि तो राजा बंडात सापडून १८५८ मध्ये मृत्यू पावला होता. म्हणजे एका हिंदू राजाचे राज्य आणि आमचा जिल्हा एकाच पुडक्यात बांधून निजामाच्या हाती आले. रयतेला कोणी विचारले नाही, हे वेगळे सांगायला नको.

यापुढे निजामाचे मुसलमान असणे ही इंग्रजांच्या उपयोगाची वस्तू झाली. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या खलिफाने दोस्त राष्ट्रांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले. इंग्रजांच्या फौजेत तर हजारो मुसलमान शिपाई. अशा वेळी सातवा निजाम मीर उस्मान अलीखान याने जाहीरनामा काढला, की मुसलमानांनी इंग्रजांशी एकनिष्ठ राहावे. १९१८ मध्ये त्याला ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त असा किताब मिळाला. पुढे १९२४ मध्ये तुर्कस्तानात खिलाफत बरखास्त झाली, तेव्हा हद्दपार खलिफाला पेन्शन देणारा आणि १९३१ मध्ये त्या घराण्यातल्या दोन मुली सुना करून आणणारा तोच उस्मान अली. सगळ्या इस्लामी जगाचे डोळे आता हैदराबादेकडे लागले, असे दरबाऱ्यांना वाटू लागले असल्यास नवल नाही.

पण त्याच उस्मान अलीने वऱ्हाड परत मागितले, तेव्हा मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्याला सरळ सुनावले, की ब्रिटिश सत्ता या देशात सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने बोलू शकत नाही. किताब धर्माच्या नावाने मिळाला. वही मात्र १८५३ च्याच पानावर उघडी होती.

वरून असा अपमान गिळणारा राजा खाली प्रजेपुढे अधिक ताठ उभा राहतो. आमच्या राज्यात शंभरांतली पंच्याऐंशीच्या आसपास माणसे हिंदू, पण वरिष्ठ नोकऱ्या, पोलीस, कचेरीची भाषा सारे दुसरीकडे झुकलेले. १९२७ मध्ये इत्तेहादुल मुसलमीन स्थापन झाली आणि पुढे तिने असा विचार पसरविला, की निजामाची सत्ता ही प्रत्येक मुसलमानाची सत्ता आहे. टांगा हाकणाऱ्याला आणि हातमागावर बसणाऱ्याला सांगण्यात आले, की तूही राजा. राजा झालेल्या त्या विणकराच्या मजुरीत एका हाली रुपयाचीही भर पडली नाही. इकडे डिसेंबर १९३८ मध्ये सोलापूरला लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि धार्मिक हक्कांसाठी सत्याग्रह सुरू झाला. स्टेट काँग्रेसचा लढा जबाबदार राज्यपद्धतीसाठी होता. दोन्ही लढ्यांची सरमिसळ होऊ लागली, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबविला. हा सल्ला बरोबर की चूक यावर आमच्याकडच्या जुन्या मंडळींची भांडणे मी लहानपणी ऐकली आहेत. मला तो बरोबर वाटतो, पण थांबायला सांगणाऱ्याला तुरुंगाच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाची घालमेल पुरती कळत नाही, हेही खरे.

आमच्या एकाच जिल्ह्याने या काळात दोन माणसे पुढे पाठविली. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळेत एक शिक्षक होते, व्यंकटेश खेडगीकर. त्यांनी संन्यास घेतला, भगवी वस्त्रे घातली आणि स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ते स्टेट काँग्रेसचे पुढारी झाले. भगव्या कफनीतला हा माणूस आयुष्यभर सांगत राहिला, की आमचे भांडण मुसलमानांशी नाही, राज्यपद्धतीशी आहे. दुसरा माणूस लातूरचा. लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. ते १९८२ मध्ये वेगळे झाले. तिथे कोर्टात वकिली करणारा कासीम रझवी १९४६ मध्ये इत्तेहादचा अध्यक्ष झाला आणि त्याने रझाकार उभे केले. एक शिक्षक आणि एक वकील! धर्माचा वेष एकाने अंगावर घेतला आणि दुसऱ्याने तो लोकांच्या हातात शस्त्रासारखा दिला.

रझाकारांनी काय केले ते मराठवाड्यातल्या घराघरांत सांगितले जाते. माझी आजी तेव्हा नुकती सासरी आली होती. एका रात्री बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून, चाकांच्या आसाला तेल घालून घरच्यांनी गाडी जुंपली. करोडगिरीचा नाका चुकवून, मोगलाईची हद्द ओलांडून ते बार्शीला पोचले. शेजारच्या गावातून निघालेला धूर तिने गाडीतून पाहिला होता. हे ती दर वर्षी सांगे, आणि सांगताना पदराचे टोक हातात घट्ट धरून ठेवी.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्याने सोलापूरच्या बाजूने हद्द ओलांडली. पहिली मोठी गाठ पडली ती नळदुर्गलाच. बोरीवरचा पूल हाती आला आणि हैदराबादची वाट मोकळी झाली. १७ तारखेला निजाम शरण आला. पंचाण्णव वर्षांपूर्वी जो किल्ला पगाराच्या थकबाकीपायी गेला होता, त्याच्या पायथ्याशी निजामशाहीचा शेवट सुरू झाला. १७ सप्टेंबरला आम्ही शाळेत झेंडा लावतो, प्रभातफेरी काढतो. गोष्ट इथे संपते. निदान भाषणात तरी इथेच संपते.

आजीने पुढचा भाग एकदाच सांगितला. घरात लग्न होते, कासारीण बांगड्या भरत होती, आणि म्हातारी एकाएकी म्हणाली, "माझ्या लग्नात मणियारानं चुडा भरला होता. आम्ही बार्शीहून परत आलो तेव्हा त्याच्या घराला चौकट नव्हती. आत चुलीपाशी नुसता काचांचा खच." मी विचारले, "कोणी नेली चौकट?" "गावानंच. माणसंही गावानंच." थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "त्याची सून तेवढी वाचली. कोष्ट्याच्या म्हातारीनं तिला कडब्याच्या गंजीत दडवली होती." आणि उठता उठता म्हणाली, "आपल्या गोठ्याला आहे ना, ती सागवानी चौकट. ती त्याचीच."

त्या चौकटीला मी लहानपणी वासरे बांधली आहेत.

पुढे मला पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाची माहिती मिळाली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना नेहरूंच्या सरकारने पाठविले होते. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते खेडोपाडी फिरले. रझाकारांचे अत्याचार त्यांनी नोंदविले. त्यानंतर जे झाले तेही नोंदविले. सर्व राज्यात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून अठरा हजार. काही ठिकाणी सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या माणसांचाही हात त्यांना दिसला. आणि हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचविल्याची अनेक उदाहरणेही त्यांनी लिहिली, त्यात विणकरांनी विणकरांना वाचविल्याचे विशेष लिहिले. कोष्ट्याची म्हातारी मला त्यात सापडली, नाव नसलेली. हा अहवाल दीर्घकाळ कोणाला दाखविला गेला नाही. २०१३ मध्ये तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचायला मिळू लागला. ज्यांनी झाकून ठेवला त्यांचा हेतू जखमा उघड्या पडू नयेत असा असेल. पण झाकलेली जखम भरली असे आमच्या गावात तरी झाले नाही.

कासीम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. निजाम राजप्रमुख झाला. मणियाराला काही मिळाले नाही.

नावाचे सांगायचे राहिले. आमच्या गावाला मूळचे धाराशिवच म्हणत. उस्मानाबाद हे नाव सातव्या निजामावरून पडले असे सगळे सांगतात. तो गादीवर बसला १९११ मध्ये, पण त्याआधीच छापलेल्या इंग्रज सरकारच्या गॅझेटियरमध्ये उस्मानाबाद आहे, आणि सोबत जुने नाव नळदुर्ग जिल्हा म्हणून दिले आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारने धाराशिव नावाचा निर्णय घेतला, २०२३ मध्ये केंद्राची संमती आली, २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यावर शिक्का उठविला. मला धाराशिव हे नाव गोड वाटते. आजीही तेच म्हणे. फक्त नाव बदलले त्या दिवशी फटाके वाजत असताना मला ती गोठ्याची चौकट आठवली. तिच्यावर कोणतेच नाव नाही.

तर गेल्या दिवाळीत, झेंड्याचे भांडण काही मिटेना म्हणून मी मुलांना अंगणात बसविले आणि वहीची गोष्ट सांगितली. निजाम, पामर सावकार, त्याचा जावई, थकलेला पगार. चौकटीची सांगितली नाही. ती मोठ्यांसाठी म्हणून इथे लिहिली. मुलांनी लक्ष देऊन ऐकले. आळीतल्या वाण्याच्या मुलाने तेवढे विचारले, "मग ते पैसे फिटले का, गुरुजी?"

"किल्ल्यापुरते फिटले," मी म्हणालो. "पन्नास लाख माफ झाले. वऱ्हाड नाही सुटले."

त्याने मान हलविली. बुरूज मोकळाच राहिला. मग कोणीतरी दवाखान्यातून आणलेल्या सलाइनच्या दोन नळ्या पाणीमहालाच्या भिंतीत बसविल्या, एक नर आणि एक मादी, आणि धबधबा सुरू झाल्यावर झेंड्याचे कोणाच्या लक्षातच राहिले नाही.